अलीकडचे

पूल ओलांडायचा असला की त्रियानात अजून म्हणतात,
"जरा सेव्हियाला जाऊन येते."
पूल असेल दोनशे पावलांचा.
महापालिका एक, पाण्याचं बिल एक,
पण मध्ये नदी आहे ना,
मग गाव वेगळं.
पलीकडे राजवाडा, कॅथेड्रल, वकील.
अलीकडे माती.
मळायची, भाजायची, तिच्यावर निळी वेल काढायची
आणि पलीकडच्यांच्या भिंतींना विकायची.

रेपोसोचा बाप एउलोहियो भट्टीवर होता.
चळत लावताना दर दोन ताटांमध्ये
मातीची तिपाई ठेवायचा, बोटाच्या पेराएवढी.
म्हणून इथल्या जुन्या ताटांत मधोमध तीन टिंबं असतात,
हरभऱ्याचा रस्सा संपला की दिसतात.
"हे काय?" पोर विचारायची.
"भट्टीचे दात," तो म्हणायचा, "जेव."

अंजिराच्या आवारात बावीस बिऱ्हाडं, एक नळ,
दोन संडास, आणि भांडणं कुणी मोजली नाहीत.
रात्री हेरेदियांचा भाता निजला
की ऐरण निवेपर्यंत कुणीतरी तिच्यावर
बोटांनी ताल धरून बसायचं.
त्याच तालाला पुढे पलीकडे तिकीट लागलं.

मासळीबाजाराखाली किल्ला आहे.
किल्ल्यात एके काळी धर्मसभेच्या कोठड्या.
ओब्दुलिया सकाळी ओटा धुते,
पाणी फरशीच्या फटीतून खाली उतरतं.
"उतरू दे," म्हणते, "तहानेले असतील."
आणि गिऱ्हाइकाकडे वळते.

पूर यायचा तो व्याह्यासारखा,
न कळवता, आणि बसायचा चार दिवस.
ज्या वर्षी पाणी सातव्या पायरीला लागलं
(रेपोसो पाळण्यात, पाळणा माळ्यावर)
त्या वर्षी एउलोहियोने एक फरशी रंगवली:
येथवर नदी आली होती.
खाली निळी रेघ.
गल्लीच्या कोपऱ्यावर बसवताना
पाण्याच्या खुणेहून चांगली वीतभर वर बसवली.
पाद्री म्हणाला, हे खोटं आहे.
हा म्हणाला, पलीकडून नीट दिसायला नको?

मग इंजिनियर आले.
वरच्या अंगाला बांध घालून
नदीला मागच्या रानातून हाकललं.
आता दारात पाणी आहे, वाहत नाही.
शाळेची मुलं त्यावर वल्ही मारायला शिकतात
आणि बांधाला टेकून परत फिरतात.

नदी हलवता येते हे एकदा कळल्यावर
माणसं हलवणं सोपं गेलं.
भिंती धोकादायक ठरल्या, ट्रक आला.
हेरेदिया आधी गेले, ऐरणीसकट.
एकोणीस वर्षांची रेपोसो मांडीवर परात घेऊन बसली,
परातीत ताटं, ताटांत टिंबं.
शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आठवा मजला.
लिफ्ट चालायची, सुरुवातीला.

आता अंजिराच्या आवारात हॉटेल आहे.
अंजीर ठेवलाय, कुंडीत.
काउंटरवरचा मुलगा विचारतो, आजी, तुम्ही कुठल्या?
"अलीकडची."
त्याला वाटतं, नुकतीच आलेली.
शहराचा नकाशा देतो फुकट,
घड्या कशा घालायच्या तेही दाखवतो.

दर गुरुवारी ती कोपऱ्यावर जाऊन
फरशीला पाठ लावून उभी राहते.
लग्नाच्या वर्षी रेघ नाकाला लागायची,
आता कपाळाच्याही वर गेली.
पूर नाही, पाऊस नाही,
पाणी मात्र चढतंच आहे.
"बाबाने तेव्हाच धरून ठेवलं होतं," म्हणते
आणि स्वतःशीच हसते, दात नसलेलं.

पाचची बस.
ओब्दुलिया दोन बांगडे कागदात बांधते,
पैसे घेते, एक नाणं परत करते.
रेपोसो निघते घरी,
जिथे साठ वर्षं राहिली, पाच बाळंतपणं झाली, नवरा गेला
तिथे.
दाराशी थांबून म्हणते,
"जरा सेव्हियाला जाऊन येते गं."
ओब्दुलिया मान हलवते,
तासाभराचंच काम असल्यासारखी.